जुना बोलपट आणि रसिकाचा कान

जुन्या मराठी बोलपटांविषयी रसिक बोलू लागला म्हणजे त्याच्या बोलण्यात तीन विधाने बहुधा एकत्र येतात. त्या पटांतील माणसे खरी बोलत. त्यांत नाटकीपणा नव्हता. आणि तसे आता पुन्हा होणे नाही. ही सारी आवडीनिवडीची भाषा होय, सबब अभ्यासकाने ती बाजूस ठेवावी, असे एक पक्ष म्हणतो. रसिकाने पट अनेकवार पाहिलेला असतो, म्हणून त्याचा शब्द प्रमाण मानावा, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांत एक उणीव समान आहे. विधान पटाशी ताडून पाहण्याचे श्रम दोघेही टाळतात. ते श्रम घेतले असता रसिकाच्या मतातील कोणता अंश टिकतो आणि कोणता गळून पडतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

रसिकाच्या बोलण्यात हमखास येणारे उदाहरण ‘संत तुकाराम’ (१९३६) या ‘प्रभात’च्या बोलपटाचे. विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. शिवराम वाशीकर यांनी त्याचे लेखन केले. त्यातील जिजाईचे बोलणे ऐकावे. आजारी पोराला घेऊन ती देवळात शिरते आणि विठोबाशी भांडते, तेव्हा तिच्या तोंडी भक्तीची ठरीव शब्दकळा नाही. नवऱ्याला नादी लावणाऱ्या इसमाची हजेरी घ्यावी तशी ती देवाची हजेरी घेते. अखेरीस वैकुंठाला चलण्याचे बोलावणे आले तरी तिचे उत्तर घरसंसाराच्याच भाषेतले असते. तुकारामाचे बोलणे याच्या उलट. ते थोडके, संथ आणि अभंगाकडे झुकणारे आहे. एकाच घरातील दोन माणसांची मराठी दोन प्रकारची आहे, आणि या भेदातूनच त्यांचा संसार प्रेक्षकास कळतो. ‘माणसे खरी बोलत’ या विधानाचा आशय असा नेमका करता येतो. पात्रागणिक बोली वेगळी राखली होती, असे रसिकाला म्हणावयाचे असते. त्याला परिभाषा तेवढी सापडलेली नसते. या मर्यादेपर्यंत त्याचा कान विश्वसनीय होय.

दुसरे विधान मात्र तसेच्या तसे टिकत नाही. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट होते. रंगभूमीचे संस्कार पटाच्या बाहेर राहिलेले नव्हते. ते योग्य ठिकाणी वापरले गेले होते, इतकेच. भागवतांनी साकारलेला सालोमालो तुकारामाची रचना स्वतःची म्हणून मिरवतो, आणि ती गाताना त्याच्या गळ्यात व हातवाऱ्यांत संगीत नाटकाचा थाट येतो. तुकारामाच्या तोंडच्या साध्या चालीशेजारी तो थाट ठेवला की ढोंग आपोआप उघडे पडते. म्हणजे नाटकीपणा या पटात आहे. किंबहुना पटाच्या अर्थाचा तो एक आधार आहे. रसिकाला तो जाणवत नाही याचे कारण तो सालोमालोच्या स्वभावाचा भाग होऊन येतो.

याहून महत्त्वाचा दोष ‘जुना’ या विशेषणातच आहे. याच संस्थेचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मधील. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या त्या पटातील गद्य पुष्कळसे रंगमंचावरील गद्यासारखे ठाशीव व उच्चारप्रधान आहे. १९३७ च्या ‘कुंकू’त शांता आपट्यांची नीरा घरातल्या घरात, घरच्याच शब्दांनी, वृद्ध नवऱ्याशी झालेल्या विवाहाविरुद्ध उभी राहते. व्ही. शांताराम यांनी त्या पटात पार्श्वसंगीत वगळून प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवरच भिस्त ठेवल्यामुळे प्रत्येक शब्द उघडा पडतो; ठाशीव गद्याला तेथे संगीताचा आडोसा मिळाला नसता. या दोन पटांत अंतर अवघ्या पाच वर्षांचे आहे. परंतु बोलपटाच्या भाषेने त्या पाच वर्षांत जी वाट कापली ती रसिकाच्या ‘जुना’ या एका शब्दात पुसली जाते. जे सोने म्हणून एकत्र मोजले जाते त्यात घडणीचे निरनिराळे टप्पे आहेत, आणि अभ्यासाचा विषय ते टप्पेच होत.

कानावर किती विसंबावे याचाही एक दाखला ‘संत तुकारामा’तच आहे. बीज व वृक्ष यांच्या रूपकावरील त्यातील प्रसिद्ध अभंग तुकारामाचा नव्हे. तो शांताराम आठवले यांनी या पटासाठी रचला. तो तुकारामाचाच समजला गेला, आणि जाणकारांचीही त्याबाबत फसगत झाली, हे प्रसिद्ध आहे. आठवल्यांच्या कौशल्याची ही पावती खरीच. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. एखादी भाषा जुनी वाटणे आणि ती जुनी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जिजाईची बोलीसुद्धा सतराव्या शतकातील नव्हे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातील लेखकाने आपल्या श्रोत्यांच्या कानांसाठी ती घडविली आहे. रसिक जिला ‘खरी’ म्हणतो ती भाषा म्हणजे यशस्वी रचना होय. तसे म्हटल्याने तिचे मोल उणावत नाही. ते कशात आहे एवढेच स्पष्ट होते.

आता तिसरे विधान. ‘पुन्हा होणे नाही’ हा रसिकाचा उसासा सहज हसण्यावारी नेता येतो. पण एका अर्थी तो अक्षरशः खरा आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ चा मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ साली त्यांनीच त्याचा बोलपट केला. मूकपट अधिक सरस होता, असे दोन्ही पाहिलेल्यांचे मत सांगितले जाते. हे मत आता कोणालाही पडताळून पाहता येणार नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. त्यापूर्वी जे नष्ट झाले ते झालेच. अशा ठिकाणी रसिकाचे वैयक्तिक मत हाच उरलेला पुरावा असतो, आणि तो पुरावाही ‘सरस’ या एका विशेषणापलीकडे फारसे सांगत नाही. कोणता प्रसंग सरस, कशामुळे सरस, हे वेळीच कोणी विचारून लिहून घेतले असते तर त्या हरवलेल्या कृतीची काही रेषा तरी आज हाती असती.

तेव्हा रसिकमताकडे निर्णय म्हणून न पाहता साक्ष म्हणून पाहणे हा मार्ग इष्ट दिसतो. साक्षीदाराला प्रश्न विचारावे लागतात: पट कोठे व केव्हा पाहिला, कितव्यांदा पाहिला, कोणते वाक्य स्मरते, ते कोणाच्या तोंडचे, आणि पट हाती असल्यास ते वाक्य त्यात तसेच आहे काय. ज्या पटांच्या प्रती शिल्लक आहेत त्यांच्याबाबत ही साक्ष तपासता येते आणि पुष्कळदा दुरुस्त करावी लागते. ज्यांच्या प्रती उरल्या नाहीत त्यांच्याबाबत ती केवळ टिपून ठेवता येते. पहिले काम पुढील पिढीलाही करता येईल; दुसरे मात्र साक्षीदार हयात आहेत तोवरच करता येते.