थेऊरच्या पुढचं प्रेम

मराठी प्रेमकादंबरीचा इतिहास लिहायचा तर 1962 या सालापाशी बराच वेळ थांबावं लागेल. त्या वर्षी रणजित देसाईंची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ना. सी. फडके यांना पद्मभूषण मिळालं. आणि त्याच वर्षी ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. ‘स्वामी’ आणि ‘श्यामा’ दोघीही पुढे दिल्लीला पोचल्या. पहिली साहित्य अकादमीत गेली, दुसरी सर्वोच्च न्यायालयात.

या दोन्ही जागा एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत. मंडी हाउसच्या चौकात, कोपर्निकस मार्गाच्या तोंडाशी, हबीब रहमान यांनी बांधलेलं रवींद्र भवन आहे. साहित्य अकादमी तिथंच. त्याच चौकातून भगवानदास रोडने निघालं की सर्वोच्च न्यायालय येतं. दिल्लीतल्या मराठी माणसाच्या ओळखीचा हा परिसर. जुनं महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावरच आहे, कमानी सभागृहही तिथंच. मराठी प्रेमकादंबरीची समाजात जी प्रतिमा आहे, ती घडण्यात या दोन इमारतींचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

आधी न्यायालयाकडे वळू. ‘श्यामा’ अश्लील आहे अशी फिर्याद झाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने लेखकाला सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि 25 रुपये दंड केला. रक्कम किरकोळ, पण तो शिक्का पुसून काढण्यासाठी लेखकाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. काळ अनुकूल नव्हता. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानेच 1964 साली कायम केली होती. तरीही 25 ऑगस्ट 1969 रोजी काकोडकर निर्दोष ठरले. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचं निकालपत्र आजही वाचण्याजोगं आहे. निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता व श्यामा यांची गोष्ट न्यायमूर्तींनी त्यात स्वतः सांगितली आहे. आक्षेप घेतलेले उतारे सुटे न काढता त्यांनी गोष्टीच्या ओघात तपासले. समाजाची मोजमापं बदलत असतात हे मान्य केलं. आणि स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेखही अश्लील धरला तर तरुणांच्या हाती धार्मिक ग्रंथांखेरीज काही उरणार नाही, अशा अर्थाचं एक विधान केलं. वाङ्मयीन दर्जाबद्दल न्यायालयाने कुठलंही प्रमाणपत्र दिलं नाही, ते त्याचं कामही नव्हतं. पण एक मराठी प्रेमकथा कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, नाक न मुरडता, जबाबदारीने वाचली. मराठी समीक्षेने काकोडकरांसाठी एवढं कधी केलं, असं मला आढळत नाही. त्यांच्या कादंबऱ्या फिरत्या वाचनालयांतून हातोहात जात, पाठ्यपुस्तकांत आणि परिसंवादांत मात्र त्यांना जागा नव्हती.

अकादमीतली गोष्ट निराळी. 1960 साली वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’ला पुरस्कार मिळाला, 1964 साली ‘स्वामी’ला. दोन्ही कादंबऱ्यांच्या गाभ्याशी स्त्री-पुरुषाचं नातं आहे. दोन्ही अफाट वाचल्या गेल्या. पण दोन्हींतल्या प्रेमाला भारदस्त सोबत होती. ‘ययाती’ला पुराणाची आणि भोग-त्यागाच्या चिंतनाची, ‘स्वामी’ला पेशवाईची. फडक्यांच्या नायक-नायिकांकडे अशी शिफारसपत्रं नव्हती. ती पुण्या-कोल्हापुरातली सुशिक्षित मुलं होती, टेनिस खेळणारी, गाणं ऐकणारी, योगायोगाने भेटणारी. लोकप्रियता फडक्यांना भरपूर मिळाली, 1940च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही मिळालं. अकादमीच्या यादीत मात्र त्यांचं नाव नाही. नंतरच्या वर्षांत ज्या मराठी कादंबऱ्या त्या यादीत आल्या, त्यांत ‘झाडाझडती’, ‘बारोमास’, ‘रिंगाण’ आहेत. विस्थापन, शेतीची कोंडी, उजाड झालेलं गाव. त्या निवडींबद्दल मला आदरच आहे. पण ही यादी वाचताना असं वाटू लागतं की मराठी माणूस प्रेमात पडतो ते कादंबरीत गंभीरपणे लिहिण्याजोगं नाही.

दोष सगळा समीक्षकांचा नाही. प्रेम टिकतं का, हा प्रश्न खुद्द आपल्या लोकप्रिय कादंबरीने टाळला. फडक्यांनी 1931च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कथेच्या तंत्राचा तपशीलवार विचार केला आणि त्या तंत्राने पुढच्या दोन-तीन पिढ्यांना वळण लावलं. भेट, ओढ, गैरसमज, उलगडा, मीलन. लग्न ठरलं की कादंबरी संपली. कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, बाबा कदम यांच्या वाचकांनी या वळणावर मनापासून प्रेम केलं आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. दुपारच्या दोन तासांत स्वतःसाठी पुस्तक उघडणाऱ्या बाईला त्यातून जे मिळे, ते तिला दुसरं कुणी देत नव्हतं. तरी अक्षता पडल्यानंतरच्या वर्षांबद्दल ही पुस्तकं अवाक्षर काढत नाहीत.

‘स्वामी’ हेच दुसऱ्या मार्गाने करते. माधवराव आणि रमाबाईंचं नातं देसाईंनी इतकं हळुवार रंगवलं की मराठी घरांत नवरा-बायकोच्या प्रेमाचा तो जणू नमुनाच झाला. पुढे गजानन जागीरदारांच्या मालिकेतून रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांचे चेहरे त्या जोडीला मिळाले, ते अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर आहेत. पण माधवराव 1772 साली थेऊरला क्षयाने गेले तेव्हा सत्ताविशीत होते आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. हे प्रेम अमर झालं, कारण त्याला म्हातारं व्हायची वेळच आली नाही. आणि ज्या टोकाला जाऊन ते अमर होतं, तिथं एका तरुण बाईचा जीव जातो. हुंदका देऊन पुस्तक मिटताना हे आपल्याला खटकत नाही, ही गोष्ट मला वर्षानुवर्षं अस्वस्थ करत आली आहे. देसाईंच्या लेखणीची ताकद मान्य करूनही, प्रेमाच्या टिकण्याचा पुरावा म्हणून थेऊरकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

टिकण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो बायकांनी. 1933 साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या मुलींची घुसमट बोलून दाखवली आणि पुण्यात गहजब झाला. त्यानंतर गौरी देशपांडे. 1980च्या ‘एकेक पान गळावया’पासून त्यांच्या नायिका आपल्याला लग्नाच्या अलीकडे भेटतच नाहीत. लग्न होऊन गेलेलं आहे, नवरा वाईट नाही, कधी कधी तर फार चांगला आहे, आणि तरीही काहीतरी शिल्लक आहे ज्याचं उत्तर संसारात नाही. ‘तेरुओ’तली मराठी बाई जपानमध्ये एका जपानी पुरुषाकडे ओढली जाते. इथं फसवणूक झालेल्या नवऱ्याचा आक्रोश नाही, पापाची शिक्षा नाही, पळून जाण्याचा थरारही नाही. एका माणसावरचं प्रेम दुसऱ्यावरच्या प्रेमाने खोटं ठरतं का, एवढंच ही कादंबरी धीटपणे विचारते. प्रेम टिकतं, पण ज्या रूपात सुरू झालं त्या रूपात नाही, आणि त्याला टिकवण्याची किंमत दोघांनी सारखी मोजलेली नसते, हे मला गौरीबाईंच्या पानांवर जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे कुठं दिसलं नाही. त्यांच्या नायिका उच्चशिक्षित, परदेशी राहणाऱ्या, पैशाची ददात नसलेल्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसह प्रेम कसं टिकतं, हे त्यांनी लिहिलं नाही. अकादमीच्या यादीत त्यांचंही नाव नाही. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ याच वाटेने आणखी पुढे, अधिक बोचऱ्या भाषेत गेली. पण वाट रुंद झाली नाही.

आज बहुतेक फिरती वाचनालयं बंद पडली आहेत आणि तो वाचक मोबाइलवर गेला आहे. ‘प्रतिलिपि’सारख्या अॅपवर मराठी प्रेमकथा भागाभागांनी येतात, रात्री नवा भाग कधी येतो याची वाट पाहिली जाते. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच. भाषा घाईची, नायक हटकून कंपनीचा मालक, तऱ्हेवाईक आणि देखणा. साहित्य म्हणून यातलं फारच थोडं उरेल. पण एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. यांतल्या कितीतरी कथा लग्नापासून सुरू होतात. ठरवून झालेलं किंवा लादलेलं लग्न, एकमेकांना परके असलेले दोन जीव, एकच खोली, आणि मग शेकडो भागांत हळूहळू उमलणारं नातं. फडक्यांची कादंबरी जिथं संपत होती तिथं यांचा पहिला भाग सुरू होतो. लादलेल्या लग्नातली जबरदस्ती या कथा फार गोड करून सांगतात, त्यावर कठोरपणे लिहिलं गेलं पाहिजे. पण त्यासाठी आधी त्या वाचाव्या लागतील. 1969 साली एका न्यायमूर्तींनी ‘श्यामा’ वाचली तशा, पहिल्या भागापासून.