धक्का रक्तातून येतो की रांगेतून?

आजचा विषय थोडा अंगावर येणारा आहे, म्हणजे अक्षरशः. वस्तीतल्या सार्वजनिक जिममध्ये वाढलेले बास्केटबॉलपटू इतके आक्रमक का खेळतात, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तरही तयार असतं: "त्यांचा स्वभावच तसा, वस्तीच तशी." आम्हांला हे उत्तर मान्य नाही. का, ते बघू.

मुळापासून सुरुवात करू. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ हे शिक्षक होते. हिवाळ्यात पोरांना आत खेळवायचं होतं, पण फुटबॉलची धडकाधडकी नको होती. म्हणून टोपल्या १० फुटांवर टांगल्या, आणि चेंडू घेऊन पळणं, खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं सगळं बंद केलं. दुसरा फाउल झाला की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका बाजूनं लागोपाठ ३ फाउल केले तर समोरच्यांना एक गोल. असे एकूण १३ नियम. म्हणजे बघा, हा खेळ जन्मला तोच धक्काबुक्की टाळायला, आणि जन्मलाही जिममध्येच. मग त्याच जिममध्ये धक्का परत आला कसा?

आमचं म्हणणं असं, की तो रक्तातून नाही आला, रांगेतून आला. कोर्ट एकच. आत दहा जण, बाहेर वीस ताटकळत. जिंकेल तो संघ कोर्टवर राहणार, हरेल तो रांगेच्या शेवटी जाणार. पंच नाही, ज्याला लागलं त्यानंच फाउल मागायचा. मागितला की वाद, आणि बाहेरचे वीस जण ओरडणार, "खेळा रे, वेळ जातोय!" अशा ठिकाणी पोरगं दोन महिन्यांत शिकतं, की फाउल मागण्यापेक्षा धक्का खाऊन बास्केट करणं स्वस्त पडतं. याला स्वभाव कशाला म्हणायचं? हा सरळ हिशेब आहे.

आता डेट्रॉइटकडे या. १९६७ च्या दंगलीनंतर तिथल्या सेंट सिसिलिया चर्चच्या जिममध्ये सॅम वॉशिंग्टन यांनी पोरांसाठी बास्केटबॉल उभा केला. डेव्ह बिंगसारखे व्यावसायिक खेळाडूही तिथे उतरायचे. खेळ खडतर होता, पण लक्ष ठेवणारा माणूस होता. आपल्याकडे तालमीत वस्ताद असतो ना, तसा. कुस्ती अंगाला अंग भिडवूनच होते, तरी तालमीत मारामारी होत नाही, कारण वस्तादाची नजर असते.

त्याच शहराचा पिस्टन्स संघ १९८९ आणि १९९० साली एनबीए विजेता झाला, 'बॅड बॉइज' या नावानं गाजला. समीक्षक म्हणाले, कष्टकऱ्यांचं शहर, म्हणून असा खेळ. ऐकायला छान वाटतं. पण त्या संघातला सगळ्यांत बदनाम खेळाडू बिल लँबीर. तो सधन घरातला, उपनगरात वाढलेला. आणि त्याच संघातला लुइझियानाचा जो ड्यूमार्स इतका सभ्य, की एनबीएचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार आज त्याच्या नावानं दिला जातो. एकच संघ, एकच शहर! मग 'वस्तीचा स्वभाव' गेला कुठे?

पण थांबा, जिमची आरती ओवाळायलाही आम्ही आलेलो नाही. खरी टीका इथेच करायची आहे. "इथे टिकला तो खरा" हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो. जो टिकला नाही, त्याचं काय? अंगानं बारीक पोरगा, नवखा, मुली. रांगेत उभे राहतात, एकदा आत येतात, ढकलले जातात, पुढच्या आठवड्यात येत नाहीत. टिकलेल्यांची गोष्ट आपण सांगतो. गेलेल्यांची मोजदादच नाही. आणि टिकलेल्यालाही फटका बसतो. पंच असलेल्या सामन्यात त्याची सवय फाउल ठरते आणि तो बाकावर जाऊन बसतो. ज्या सवयीनं तो वर आला, तीच त्याला खाली बसवते.

मुंबईकरांना हे परकं वाटू नये. नागपाड्यानं बास्केटबॉल असाच दाटीवाटीत जोपासला, आणि तिथूनच भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर पुढे आले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दाटीतून खेळाडू घडतो, यात शंका नाही. आमचा आक्षेप दाटीवर नाही, बेवारस कोर्टवर आहे.

उपाय खर्चिक नाही. रांगेत थांबलेल्यांपैकीच एकानं आळीपाळीनं शिट्टी घ्यावी. नवख्यांना आणि मुलींना ठरलेला तास द्यावा. आक्रमकपणा राहू दे, बास्केटकडे बेधडक जाणं हा या खेळाचा आनंदच आहे. फक्त त्याची किंमत रांगेतल्या सगळ्यांत दुबळ्या पोराच्या खिशातून वसूल होऊ नये, एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.