स्वागतापुरती आयरिश भाषा

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला राष्ट्रभाषा व प्रथम राजभाषा मानले. तथापि 'केद मीला फॉल्चा' (शतसहस्र स्वागत) हे तिचे सुपरिचित वचन स्वागतफलकावर झळकते आणि पुढील व्यवहार बहुधा इंग्रजीत होतो. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येत असल्याचे नोंदविले. शिक्षणव्यवस्थेबाहेर ती दररोज बोलणारे मात्र ७१,९६८ होते. 'देव तुझ्यासमवेत असो' या पारंपरिक आयरिश अभिवादनास 'देव आणि मेरी तुझ्यासमवेत असोत' असे वाढीव प्रत्युत्तर दिले जाते. फलकावरील स्वागत प्रत्युत्तराची अपेक्षाच करीत नाही. म्हणूनच स्वागतसंदेशातील आयरिश सन्मानसूचक असली, तरी उत्तरास वाव नसेल तेथे ती संवादाचे माध्यम न राहता केवळ अलंकार ठरते.