हाताशी आलेले पाच-सहा महिने

मेरी किंग्सली या इंग्रज बाईचं ‘ट्रॅव्हल्स इन वेस्ट आफ्रिका’ मी दोनदा वाचलं. 1897 साली निघालेलं हे प्रवासवर्णन आजही हसवतं. आजच्या गॅबॉनमधल्या जंगलात ती जनावरांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडते. खाली टोकदार खुंट! अंगावरच्या जाडजूड स्कर्टमुळे वाचते, आणि लगेच, ‘पुरुषी विजार घाल’ म्हणणाऱ्या शहाण्यांना टोला हाणते. पहिल्या वाचनात मी यावरच खूश होते.

दुसऱ्या वेळी मात्र सुरुवातीलाच अडखळले. 1893 मध्ये पाच-सहा महिने मोकळे हाताशी आले, त्यांचं करायचं काय, असं ती गमतीनं सांगते. पण हे महिने आले कुठून? 1892 मध्ये तिचे वडील गेले, पाठोपाठ काही आठवड्यांत आई. आईचं दुखणं वर्षानुवर्षं हिनंच काढलं. वडील डॉक्टर, जगभर हिंडणारे, घराला मुलगी. तिशीपर्यंत हिचं सगळं जग वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटात. पुढंही भाऊ घरी असला की ही त्याचं घर बघायची, तो बाहेर गेला की हिचा प्रवास. हे दुःख ती विनोदाखाली झाकते.

आपल्या आर्यिका माताजी अनवाणी शेकडो मैल विहार करतात, आपण वाटेवर उभ्या राहून वंदन करतो. पण त्यांनी घर सोडलेलं असतं. घरातल्या बाईला चार दिवस कुठं जायचं तर आधी डबे भरून ठेवावे लागतात. म्हणून ते पान मला ओळखीचं वाटलं.

ब्रिटिश म्युझियमसाठी मासे धरून ती स्पिरिटच्या बरण्या भरते, ती पानं मी भराभर उलटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून खटकले ते ओगोवे नदीवरचे तिचे अजुंबा सोबती. एक ‘ग्रे शर्ट’, दुसरा ‘सिंग्लेट’, तिसरा ‘सायलेन्स’! ज्यांच्या जिवावर प्रवास करायचा, त्यांना ओळखायचं सदऱ्या-बनियनवरून? तिनं आणलेल्या माशांच्या नव्या जातींना मात्र तिचं नाव मिळालं. फांग लोकांविषयी तिला खरा जिव्हाळा होता, म्हणून हे जास्तच लागतं. बायकांच्या मताधिकारालाही तिचा विरोधच.

1900 मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत गेली, ती बोअर युद्धकैद्यांची शुश्रूषा करायला. पुन्हा आजाऱ्यांच्या उशाशी. तिथंच विषमज्वरानं 37व्या वर्षी वारली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे देह समुद्रात सोडला.