रिझालच्या टिपा वाचताना

होसे रिझाल म्हणजे फिलिपिन्सचा राष्ट्रवादी कादंबरीकार, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर त्याने संपादित केलेला मोर्गा बघा. १८८८ मध्ये तो लंडनला आला, ब्रिटिश म्युझियममध्ये बसून मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ चा ग्रंथ हाताने उतरवून काढला आणि पुढे पॅरिसमध्ये स्वतःच्या टिपांसह छापला. स्पॅनिश येण्याआधीही बेटांवर संस्कृती होती, हे त्याला स्पॅनिश साक्षीदाराकडूनच वदवून घ्यायचं होतं. साधनाची निवड अचूकच. गडबड टिपांमध्ये आहे: सोळाव्या शतकातल्या माणसांना तो एकोणिसाव्या शतकाची फूटपट्टी लावतो. हा दोष त्याचा मित्र ब्लूमेंट्रिट याने प्रस्तावनेतच दाखवला, आणि रिझालने तो छापलाही. आपल्या प्रबंधात आपल्यावरच्या आक्षेपाला एवढी जागा तुम्ही द्याल का?