ॲरिस्टॉटल आणि उतरलेली पट्टी

‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो, गाणंवाजवणं तरुणपणी शिका, त्याशिवाय पारख येत नाही, वय वाढलं की सोडा, नुसतं ऐका. प्रौढानं गावं ते नशेत नाही तर थट्टेत, असंही सुनावतो. वर्गात मी हे वर्षानुवर्षं मान डोलावून शिकवलं. सत्तरीत भजनी मंडळात बसलो तेव्हा त्यातली खोट कळली. गळा बंद ठेवला की पारख फक्त दोष मोजत बसते, आणि सगळ्यात आधी आपलेच मोजते! तोंडच उघडवत नाही हो.

गंमत बघा, ग्रंथाच्या अगदी शेवटी तोच म्हणतो, वयानं थकलेल्यांना चढे स्वर झेपत नाहीत, त्यांच्यासाठी खालचे, सैल स्वर. म्हणजे म्हाताऱ्यांनी गायचं तर! काही अभ्यासक हा भाग प्रक्षिप्त मानतात. मानोत बापडे, मला तो हवाय. पांढरी चारवर मी चिरकायचो. पेटीवाल्या बुवांनी एक दिवस न बोलता काळी एक धरली. वरचा सा लागला, मीच दचकलो. पारख तीच होती, बदलली ती पट्टी. ॲरिस्टॉटलनं हा मुद्दा आधी घेतला असता, तर ते ‘सोडा’ त्याला लिहिता आलं नसतं.