उंदीर पळाले, पण कुणीकडे?

शि. द. फडणीस यांच्या चित्रांची नक्कल करणे सोपे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पेन्सिल हाती घेऊन पाहावी. रेषा एकसारखी, घोटून स्वच्छ केलेली. छायाप्रकाशाची भानगड नाही. शब्द तर मुळीच नाहीत. गेल्या दिवाळीत असोद्याला आमच्या धाकट्या भाचीने माळ्यावरच्या जुन्या अंकांतून त्यांचे ‘मोहिनी’चे १९५२ सालचे मुखपृष्ठ शोधले व ते उतरवून घेतले. पुष्कळांना ते आठवत असेल. तरुणाच्या बुशशर्टावर मांजरांची छपाई, जवळच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची. आणि मांजरांना भिऊन हे छापील उंदीर साडीच्या दुसऱ्या बाजूला पळत सुटलेले!

भाचीने नाकडोळे हुबेहूब साधले. घरच्यांनी वाहवा केली. मला मात्र हसू येईना. पुन्हा पाहिले तेव्हा उमगले : नीटनेटकेपणाच्या हौसेने तिने उंदीर साऱ्या साडीवर सारख्या अंतराने मांडले होते. कापड सुरेख झाले, विनोद मेला.

फडणिसांची माणसे बहुधा निर्विकार असतात. गंमत असते ती कोणती वस्तू कुठे ठेवली यात. त्यांच्यावरील लेख मी वाचले आहेत, पण हे मला नीट कळले ते या चुकलेल्या नकलेने. म्हणूनच नकलेला नाके मुरडणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरांशी माझे जमत नाही. जात्यावर बसणारी मुलगी आधी आईच्याच चालीत ओवी म्हणते. बहिणाबाईंच्या माहेरी हे वेगळे सांगायला नको. मात्र खिडकीच्या काचेवर कागद धरून गिरवणे मी नकलेत धरीत नाही. त्यात हात चालतो, डोळा झोपतो.

आर. के. लक्ष्मण यांना लहानपणी लंडनच्या डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रांचे वेड होते. ती सही ते कितीतरी दिवस ‘काऊ’ अशी वाचीत. पण त्याच मुलाने खिडकीबाहेरचे कावळेही चितारले. तो कावळ्याचा तोरा लो यांच्याकडून यायचा नव्हता, तो म्हैसूरच्या झाडावरचाच.

भाचीला मी अंक मिटायला लावला व म्हटले, “आता आठवून काढ.” दोन दिवस बाईसाहेब रुसल्या. तिसऱ्या दिवशी कागद पुढे आला : बाजारात उभी एक बाई, लुगड्यावर केळीची पाने, शेजारी बकरी, आणि सारी पाने घाबरून पदराआड गोळा झालेली. रेषा फडणिसांची, कल्पनाही निम्मी त्यांचीच. बकरी तेवढी शेजाऱ्यांची होती. तिचा एक कान फाटलेला आहे. तो ती विसरली नव्हती.